अल्झायमरच्या जनुकीय जोखमीची घरपोच चाचणी : फोंड्याहून एक अभिप्राय

लाळेच्या नमुन्यावरून अल्झायमरची, म्हणजे स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या आजाराची, जनुकीय जोखीम सांगणाऱ्या चाचण्या गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घरपोच मिळू लागल्या आहेत. त्यांपैकी एक मी स्वतःसाठी केली. तिचा हा अभिप्राय. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ज्या उणिवा मला जाणवल्या त्या थोड्याफार फरकाने या सगळ्याच व्यवसायात सापडतील असा माझा अंदाज आहे. माझी आई ७८ वर्षांची आहे, तिचे अल्झायमरचे निदान बांबोळीच्या सरकारी इस्पितळात होऊन आता काही वर्षे लोटली आहेत, आणि गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी तिचे सगळे मीच पाहते. माझे वय ५२. या चाचणीची जाहिरात नेमकी माझ्यासारख्यांच्या मोबाइलवर येते, कारण आईचे डायपर आणि औषधे आपण त्याच मोबाइलवरून मागवलेली असतात.

चाचणी काय पाहते हे आधी सांगते, कारण डबीवर मोठ्या अक्षरांत ‘अल्झायमर’ छापलेले असले तरी आजार आहे की नाही हे ती मुळीच सांगत नाही. आपल्या १९ व्या गुणसूत्रावर एपीओई नावाचे एक जनुक असते. शरीरातील कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थांची ने-आण करणारे प्रथिन त्याच्या बरहुकूम तयार होते. या जनुकाचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे तीन नेहमीचे प्रकार आहेत आणि प्रत्येक माणसाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ई-३ सर्वांत जास्त आढळतो, ई-२ मुळे अल्झायमरची शक्यता काहीशी घटते आणि ई-४ मुळे ती वाढते. हा शेवटचा संबंध अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या ॲलन रोझेस यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवून दिला. प्रयोगशाळा तुमच्या जनुकातल्या दोनच जागा वाचते आणि त्यांवरून तुमची जोडी ठरवते. तंत्र म्हणून यात अवघड असे फारसे काही नाही. एखादी नोंदणीकृत, एनएबीएल (प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा ही जोडी सहसा चुकत नाही. म्हणून निकालाच्या अचूकतेविषयी माझी काही तक्रार नाही. पैसे घेतले जातात ते मात्र त्या निकालाचा अर्थ लावून देण्याचे, आणि खरी परीक्षा तिथे आहे.

नमुना देण्याची पद्धत सोपी आहे. अर्धा तास आधीपासून खायचे-प्यायचे नाही, दात घासायचे नाहीत, आणि नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची. फेस त्यात धरायचा नाही, आणि ऐन उन्हाळ्यात, तोंड कोरडे पडलेले असताना, ती रेघ गाठायला वाटते त्याहून बराच वेळ लागतो. मी सोप्यावर बसून नळी भरत होते आणि आई समोरच्या खुर्चीवर होती. आईची उभी हयात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण आजारात ती मधूनच शाळेतल्या मराठीत शिरते. मला थुंकताना पाहून तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, “उभी राहा. वर्गात थुंकतात का? बाहेर जाऊन तोंड धुऊन ये.” मी खरोखरच उठून बाहेर गेले आणि उरलेली नळी विहिरीजवळ भरली. सूचनापत्रिकेत झाकणातले निळे द्रव नळीत कसे सोडायचे याची चित्रे आहेत, शांत जागी बसावे असेही लिहिले आहे. घरात स्मृतिभ्रंशाचे माणूस असेल तर नमुना केव्हा घ्यावा याविषयी एक ओळ नाही. ग्राहक मुख्यतः असेच असताना ती असायला हवी होती.

कुरिअरवाला आमच्या वाड्यापर्यंत येत नाही, म्हणून डबी फोंडा बाजारातल्या काउंटरवर नेऊन द्यावी लागली. बाकी वाहतूक ठीक. निकाल सांगितलेल्या मुदतीत आला.

या सेवेतला सर्वांत चांगला भाग म्हणजे जनुकीय समुपदेशन. ते चाचणीआधी एकदा आणि नंतर एकदा, व्हिडिओवर मिळते. पण किंमत उतरवण्यासाठी ते वगळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे आणि माझ्या मते ही या सेवेची सर्वांत मोठी चूक आहे. माझ्या समुपदेशक बाई बंगळुरूहून बोलत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न आईच्या वयाचा विचारला, आजच्या नव्हे, पहिली लक्षणे दिसली तेव्हाच्या. आई ७२ च्या सुमारास एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारू लागली होती आणि हिशेबात गोंधळू लागली होती. मग त्यांनी आजोळची चौकशी केली. आजीला शेवटी शेवटी माणसे ओळखू येत नसत, पण तेव्हा घरात त्याला म्हातारपण म्हणत आणि कोणी डॉक्टरकडे नेत नसे. साठीच्या आत कोणाला असे झाले होते का, हे त्यांनी दोनदा विचारले. त्यामागचे कारण त्यांनी समजावून सांगितले ते असे: अल्झायमरचा एक अतिशय विरळा प्रकार खरोखर घराण्यात उतरतो. २१ व्या गुणसूत्रावरील एपीपी, १४ व्यावरील प्रिसेनिलिन-१ किंवा पहिल्यावरील प्रिसेनिलिन-२ या जनुकांपैकी एकात बिघाड असला तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्याच्याकडे तो जातो त्याला बहुधा साठीच्या आतच आजार गाठतो. अल्झायमरच्या एकूण रुग्णांत अशांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. आमच्या घराचा इतिहास त्या वळणाचा नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. मी हे इतके सविस्तर लिहिते आहे कारण त्याच आठवड्यात कंपनीच्या विक्री विभागातून मला फोन येत होते आणि ‘संपूर्ण पॅनेल’ घेतले तर ही तीनही जनुके सवलतीत तपासून मिळतील असे सांगितले जात होते. समुपदेशक बाईंशी बोलले नसते तर आईच्या काळजीने आधीच पोखरलेल्या मनाने मी ते पॅनेल घेतलेही असते.

त्यांचा दुसरा प्रश्न असा होता: “ताई, रिपोर्ट काहीही आला तरी उद्या तुमच्या दिवसात काय बदलणार आहे?” मी म्हटले की कुळागर, म्हणजे आमची सुपारी-नारळाची बाग, अजून सामाईक आहे, वाटणी व्हायची आहे, मृत्युपत्र नोटरीपुढे करायचे आहे, आणि पुढे माझीही आईसारखीच अवस्था होणार असेल तर हे सगळे वेळेत उरकलेले बरे. त्या म्हणाल्या, “हे तर रिपोर्ट न करताही उरकायलाच हवं ना?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही मी चाचणी केली. ज्या घरात रात्री तीनला उठून आईला न्हाणीतून परत खोलीत आणावे लागते, त्या घरात “मलाही हे होईल का” हा प्रश्न जाहिरातीने शिकवावा लागत नाही. तो रोज गॅसवर काही विसरले की आपोआप उभा राहतो. अनिश्चितता मला अधिक छळते असा माझा स्वभाव आहे. ज्यांचा स्वभाव उलटा आहे त्यांनी जेम्स वॉटसन यांचे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही: डीएनएच्या रचनेचा उलगडा करणाऱ्या या शास्त्रज्ञाचा संपूर्ण जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याने एपीओईची तेवढी माहिती झाकून ठेवायला लावली.

माझा निकाल ई-३/ई-४ असा आला. म्हणजे जोखमीची एक प्रत.

अहवाल सोळा पानांचा, गुळगुळीत कागदावर, आणि फक्त इंग्रजीत आहे. पहिल्याच पानावर लाल चौकटीत “जोखीम सुमारे तिप्पट” असे आहे. कशाच्या तिप्पट, हे कळायला अकराव्या पानापर्यंत जावे लागते. दोन्ही प्रती ई-३ असलेल्या माणसाशी ही तुलना आहे, आणि मुळातली शक्यता मर्यादित असल्यामुळे ती तिप्पट झाली तरी एक प्रत बाळगणाऱ्या बहुसंख्य माणसांना वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत अल्झायमर होत नाही. उलट, अल्झायमर झालेल्या कित्येकांत ई-४ ची एकही प्रत नसते. दोन प्रती असणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची जोखीम आठ ते बारा पटींपर्यंत सांगितली जाते आणि २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासात तर दोन प्रतींची अवस्था हा अल्झायमरचा स्वतंत्र जनुकीय प्रकारच मानावा अशी मांडणी झाली. म्हणजे एक प्रत आणि दोन प्रती यांना एकाच लाल रंगाच्या चौकटीत बसवणे चुकीचे आहे, आणि नमुना अहवालात मी पाहिले तेव्हा दोन्हींसाठी चौकट तीच होती.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. हे ‘तिप्पट’ आणि ‘बारापट’ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यासांतून आलेले आकडे आहेत, आणि ई-४ चा परिणाम सगळ्या समाजांत सारखा नाही: जपानी लोकांत तो अधिक तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी आढळला आहे. भारतापुरते पाहिले तर हरियाणातील बल्लभगड परिसरातल्या ग्रामीण ज्येष्ठांची पेनसिल्व्हेनियातील ज्येष्ठांशी तुलना करणारा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात बल्लभगडला ई-४ चे प्रमाण कमी निघाले, मात्र ई-४ आणि अल्झायमर यांचे नाते दोन्हीकडे सारखेच बळकट दिसले. एवढी माहिती भारतीय ग्राहकाला एका परिच्छेदात देता आली असती. अहवालात भारताचा उल्लेख फक्त पत्त्यात आहे. निकालानंतरच्या सत्रात समुपदेशक बाईंनी मात्र ही अडचण मी विचारण्याआधीच मांडली.

निकाल कळल्याने मनावर काय परिणाम होतो, याबद्दल कंपनीच्या पत्रकात अमेरिकेतल्या ‘रिव्हील’ अभ्यासाचा दाखला आहे. दाखला खरा आहे. अल्झायमर झालेल्यांच्या १६२ प्रौढ मुलांवरील त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि निकाल सांगितल्याने चिंता किंवा नैराश्य लक्षणीयरीत्या वाढत नाही असे त्यात दिसले. पण त्या सर्वांना निकाल समुपदेशनासह मिळाला होता, आणि ज्यांच्या मनाची अवस्था आधीच फार बिघडलेली होती त्यांना अभ्यासात घेतलेच नव्हते. पत्रकात या दोन्ही गोष्टी गाळून, समुपदेशनाविना स्वस्तात चाचणी विकणाऱ्याने हा दाखला वापरावा हे मला पटत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर निकालानंतर काही आठवडे आईची प्रत्येक चूक मी दोनदा पाहिली, एकदा तिची म्हणून आणि एकदा माझी म्हणून. तिने सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याला शाळेची घंटा समजून साडी नेसायला घेतली की पूर्वी मला हसू यायचे. त्या दिवसांत यायचे नाही. हळूहळू ते ओसरले.

हा निकाल एकट्याचा नसतो, ही बाब संमतिपत्रात मला कुठेही आढळली नाही. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. मी चाचणी करते आहे असे सांगितल्यावर तो म्हणाला, “काय यायचं ते येऊ दे, पण मला सांगू नकोस.” मी सांगितले नाही. पण निकालानंतरच्या फोनवर आनंदाने काही बोलले नाही, एवढ्यावरून दादाने काय ते ताडले असणार. ई-४ ची प्रत मला आई किंवा बाबा यांच्यापैकी कोणा एकाकडून आली आहे, म्हणजे त्याच्याकडेही ती असण्याची शक्यता किमान निम्मी, आणि माझ्या मुलीलाही ती माझ्याकडून जाण्याची शक्यता तितकीच. मुलगी २३ वर्षांची आहे. तिला काय व केव्हा सांगायचे हे ठरवायला समुपदेशनाचे तिसरे सत्र लागले असते, आणि ते वेगळे पैसे भरून घ्यावे लागते. याहून खटकले ते हे की ‘कौटुंबिक जोड’ म्हणून आईचाही नमुना सवलतीत पाठवा, पालक म्हणून सही तुम्ही करा, असे मला सुचवण्यात आले. आईला आता सही कशावर करतो आहोत हे कळत नाही. तिच्या उपचारात या निकालाने फरक पडणार असता तर गोष्ट वेगळी होती. लेकानेमॅब किंवा डोनानेमॅबसारखी नवी औषधे सुरू करण्यापूर्वी एपीओई पाहतात, कारण ई-४ च्या दोन प्रती असतील तर मेंदूला सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका वाढतो; पण ती औषधे आजाराच्या अगदी आरंभीच्या टप्प्यासाठी आहेत आणि आई तो टप्पा केव्हाच ओलांडून गेली आहे. निव्वळ कुतूहलासाठी तिची लाळ घेणे मला योग्य वाटले नाही आणि मी तसे कळवले.

अहवालाची शेवटची चार पाने ‘तुम्ही काय करू शकता’ या मथळ्याखाली आहेत. त्यांतली माहिती चुकीची नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आटोक्यात ठेवता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत आणि त्या सर्वांवर काम झाले तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा हिशेब मांडला आहे. रक्तदाब, मधुमेह, एलडीएल कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येणे, दिसू कमी लागणे, नैराश्य, हालचालींचा अभाव, एकटेपणा वगैरे त्यात येतात. अहवाल यावरून मला सांगतो की नियमित व्यायाम करा, शांत झोप घ्या, मित्रमंडळींत मिसळा, ताण घेऊ नका. आता हे वाचणारी बाई कोण आहे ते पाहा. संध्याकाळ झाली की आई “घरी जायचं” म्हणून फाटकाकडे निघते, त्यामुळे चालायला जायची वेळ माझ्या हातची गेलेली आहे. झोपेचे वर सांगितलेच. भजनाला आणि लग्नामुंजींना मी आता जात नाही. माझ्या जनुकावर माझा काही इलाज नाही, पण त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी काळजी घेण्याच्या कामातूनच मला चिकटत आहेत आणि त्यांच्यावर इलाज आहे. तो इलाज म्हणजे दिवसाचे काही तास दुसऱ्या कोणीतरी आईजवळ बसणे. सवलत वजा जाता या चाचणीला जेवढे पैसे पडले तेवढ्यात आमच्याकडे दिवसपाळीची बाई जेमतेम आठवडाभर मिळते, हे खरे. तरी तो आठवडा कदाचित अहवालाहून उपयोगी पडला असता.

आणि अशा मदतीचा उपयोग होतो हे सिद्ध करणारे काम आपल्या गोव्यातच झाले आहे, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या ८१ कुटुंबांत एक चाचणी-प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, आजार समजावून सांगत, त्रासदायक वागण्याला कसे सामोरे जायचे ते दाखवत, आणि सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारलेले दिसले. कोणतेही महाग यंत्र नाही, नळी नाही. कंपनीच्या ॲपवर ‘केअरगिव्हर सपोर्ट’ म्हणून जे आहे ते रात्री नऊचे वेबिनार आहेत; रात्री नऊ ही आईला झोपवण्याची वेळ आहे.

विमा आणि माहितीची गोपनीयता या दोन गोष्टी चाचणीआधी पाहून घ्याव्यात. जनुकीय विकार सरसकट वगळणारे आरोग्यविम्याचे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवले, हा मोठा आधार आहे; तरी जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि आयुर्विम्याच्या अर्जात विचारलेली माहिती लपवली तर पुढे दावा अडकू शकतो. मुदतीचा विमा घ्यायचा विचार असेल तर तो आधी घ्यावा. माहितीबाबत अशाच जनुकीय चाचण्या विकणाऱ्या अमेरिकेच्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीचे उदाहरण ताजे आहे: २०२३ मध्ये तिच्याकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. माझ्या संमतिपत्रात ‘संशोधनासाठी वापर’ ही चौकट आधीच बरोबरची खूण करून आलेली होती. ती खूण काढता येते, पण काढावी लागते.

समुपदेशनासाठी पाचपैकी पाच, प्रयोगशाळेच्या कामाला चार, अहवालाला दोन आणि विक्री विभागाला शून्य असे गुण मी देईन. आई-वडिलांना आजार सत्तरीनंतर सुरू झाला असेल आणि घरात सध्या काळजीचे ओझे ऐन भरात असेल, तर ही चाचणी पुढे ढकलावी. तिच्या निकालाला मुदत नाही, तो दहा वर्षांनीही तोच येईल. घरात साठीच्या आत कोणाला आजार झाला असेल तर ही घरपोच डबी मागवूच नये, इस्पितळातून मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जनुकीय समुपदेशकाकडे जावे. आणि मागवायचीच असेल तर समुपदेशनासकट मागवावी.

निकालानंतर मी रक्तदाबाची गोळी नियमित घेऊ लागले आहे, कानांची तपासणी करून घेतली आहे, आणि आठवड्यातून दोन दुपारी शेजारच्या वहिनी आईजवळ बसतात. उरलेला नमुना नष्ट करून तसे लेखी द्यावे म्हणून कंपनीला ईमेल पाठवला होता. “आपली विनंती नोंदवली आहे” एवढे यांत्रिक उत्तर आले, पत्र अद्याप नाही. ते आले तर अहवालाचे गुण एकाने वाढवीन.